पाटकऱ्यांची गावपळण

नगरच्या केडगावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, त्यांच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, दसऱ्याला चौकटीवर झेंडूचं तोरणही लागायचं. पण दार म्हणून जी वस्तू असते ती नव्हती. खोली बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. मी विचारलं, "सुतार कधी येणार आहे?"

"येऊन गेला की," घरमालक म्हणाले. "चौकट त्यानंच केली."

ते मूळचे शनिशिंगणापूरच्या बाजूचे. तिकडे घरांना दारं न लावण्याची जुनी रीत आहे, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. पण ती रीत बिऱ्हाडाबरोबर बांधून आणून पुणे रोडच्या कडेला, ग्रिल आणि कॅमेरे लावलेल्या बंगल्यांच्या मधोमध चालवणारा हा एकच माणूस. मला वरची खोली मिळाली. तिलाही नुसती चौकट आणि एक निळा पडदा.

"आणि चोर आला तर?"

"मुकादम हाय."

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. मला कुत्र्यांची भीती वाटते आणि ती मी लपवत नाही. मी पोस्टात आहे. टपाल वाटायचो त्या काळात एकाने माझ्या पोटरीवर स्वतःचा शिक्का मारून ठेवलाय. त्यामुळे पहिले सहा महिने मी जिना चढताना भिंतीला चिकटून चढायचो, आणि मुकादम खालच्या पायरीवर बसून माझ्याकडे अगदी कंटाळून बघायचा.

तो घरात कसा आला, ही हकीगत घरमालकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. "आमच्या गावाकडं चौकटीला फळी टेकवत्यात. ती माणसासाठी न्हाई, कुत्र्यामांजरासाठी. एक दिस मी फळी टेकवायची इसरलो. दुपारी येऊन बघतो तर हे पिल्लू माझ्या गादीवर. आता तुमीच सांगा, दारच नसलेल्या घरातनं कुनाला बाहेर काढायचं म्हंजे कुठनं काढायचं?" त्या दिवसापासून फळी माळ्यावर गेली ती गेलीच.

घरमालकांना सगळे पाटकरी म्हणायचे, कारण ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं, हे बघणारा माणूस. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना पाटकरीच म्हणायची, आणि तेही दुनियेला तिच्या कामानंच हाक मारायचे. "नाव हजेरीपटावर असतंय," ते म्हणायचे. "मानूस कामानं वळखावा." म्हणून मी 'पोष्ट'. समोरच्या बाई 'अंगनवाडी'. पुण्यात असलेला त्यांचा स्वतःचा मुलगा 'आयटी'. कुत्र्याला त्यांनी मुकादम म्हटलं, कारण तो चालताना नेहमी सगळ्यांच्या मागे राहायचा आणि कुणी रेंगाळलं की त्याला हाकून पुढे आणायचा.

घरातलं पाणीही त्यांनी कालव्यासारखंच चालवलं होतं. गच्चीवरच्या टाकीवर लाल रंगाने खुणा, बादलीवर खुणा, चहाच्या पातेल्याला आतून ओरखड्याची खूण. नगरपासून कोल्हारपर्यंत कालव्याला पाणी सुटलं की 'आवर्तन सुटलं' म्हणतात; आमच्याकडे ते रोज सकाळी सहाला सुटायचं. खाली कॉक फिरवून ते अंगणातून ओरडायचे, "पोष्ट! टेलला पानी पोचलं का?"

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आणि आमच्या घराचं शेवटचं टोक म्हणजे माझी मोरी. मी "पोचलं" म्हणून ओरडलो की मगच खालचा नळ उघडायचा. नोकरीतही त्यांचं हेच. कालव्याच्या तोंडाशी ज्यांच्या जमिनी ते आधी पाणी ओढतात आणि टोकाचा माणूस वाट बघत बसतो, ही तर सगळीकडची तऱ्हा. हे पहिल्या दिवशी सायकल मारत टेलला जायचे आणि तिथून उलटे मोजत यायचे. यावरून त्यांच्या तीन बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी पुन्हा टेलपासूनच सुरुवात.

तर अशा माणसाला एक दिवस न्हाणीत चक्कर आली. फार लागलं नाही. पण आयटी पुण्याहून आला आणि त्याने ठरवून टाकलं, दिवाळी झाली की बाबांनी कायमचं पुण्याला यायचं. मुलगा वाईट नव्हता. काळजीने बोलत होता, फक्त घाईने बोलत होता.

"घर बंद करून कुलूप लावू," तो म्हणाला.

"कुलपाला आधी दार लागतंय," पाटकरी म्हणाले.

"बाबा, चेष्टा नको. आणि कुत्रं नको हं. सोसायटीत चालत नाही."

पाटकरी उठून मुकादमाचा चहा ठेवायला गेले. संध्याकाळी जिना चढून वर आले, पडद्याबाहेर उभे राहून खाकरले. "पोष्ट, एक इचारू? मुकादमाला तुमी ठेवाल का?"

मी म्हणालो, माझी बदली कधीही होऊ शकते. हे खरं होतं. पण मी ते खरं आहे म्हणून म्हणालो नाही, सुटका व्हावी म्हणून म्हणालो, आणि त्यांना ते कळलं. "बरुबर हाय, बरुबर हाय," म्हणत ते उतरले. मुकादम खालच्या पायरीवर होताच. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्याकडे बघायची लाज वाटली.

आठवड्याभराने त्यांनी मला एक कात्रण दाखवलं. भेळेच्या पुडीचा कागद होता. तेलाने पारदर्शक झालेला, पण मजकूर शाबूत. कोकणात समुद्राकाठी एक गाव आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल घेतात आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर झोपड्यांत जाऊन राहतं. गावपळण म्हणतात. त्या तीन दिवसांत गाव देवाचं. त्याची न दिसणारी माणसं गल्लीबोळातून फिरतात अशी आख्यायिका. जित्या जिवाने आत थांबायचं नाही. जाताना गुरं, कोंबड्या, मांजरं, कुत्री, सगळं बरोबर न्यायचं. शेवटच्या ओळीखाली पाटकऱ्यांनी पेनाने रेघ मारली होती.

"हे गाव मला बघायचंय," ते म्हणाले. "तुमची गाडी हाय. मुकादम बी येनार."

मी नाही म्हणू शकलो नाही. एकदा नाही म्हणून झालं होतं. मग त्यांनी कात्रणावरून त्या बाजूचे फोन नंबर मिळवले आणि राहायची सोय विचारायला लागले. प्रश्न एकच: "कुत्र्याला पलंग हाय का?" बहुतेकांनी फोन ठेवला. एकाने सांगितलं, कुत्रं बाहेर बांधावं लागेल. शेवटी एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. त्या हसत म्हणाल्या, "गावपळणीत येतास? तेव्हा आमीच सगळी भायर. तुमीय भायर ऱ्हवा."

पाटकरी भलतेच खूश झाले. "जिथं सगळेच बाहेर," ते मला म्हणाले, "तिथं कुत्र्याला बाहेर काढायला आत कुनी उरतच न्हाई."

कार्तिक संपत आला होता. पहाटे निघालो. मुकादम मागच्या सीटवर, खिडकीतून नाक बाहेर. कोल्हापूर ओलांडून घाटाच्या तोंडाशी चहाला थांबलो तेव्हा पाण्याची बाटली काढायला मी डिकी उघडली आणि त्यांची पिशवी उलगडली. आत मुकादमाचं गोणपाट, जेवणाची जर्मनची थाळी, थंडीतला शिवलेला जुना स्वेटर, जनावरांच्या डॉक्टरांचं इंजेक्शनाचं कार्ड, बिस्किटांचे सहा पुडे. कुत्र्याचं होतं नव्हतं तेवढं सगळं. चार दिवसांसाठी कुणी एवढं नेत नाही.

मी डिकी लावून घेतली. पाटकरी बशीत चहा ओतून मुकादमापुढे धरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्या गावात पळताना बी कुत्र्याला मागं ठेवत न्हाईत, तिथं त्याचं वाईट हुनार न्हाई."

पुढे घाट लागला. मी गाडी चालवत होतो आणि मला एकदोनदा वाटलं की म्हणावं, ठेवतो मी. पण म्हणालो नाही.

त्यांनी आयुष्यभर पाणी मोजलं, पण समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणून आधी समुद्र, मग गाव, असा त्यांचा हट्ट. वाळूत उतरल्यावर ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ते म्हणाले, "ह्याचं आवर्तन कोन सोडतं?"

मी भरती-ओहोटीचं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. चंद्र वगैरे.

"दिवसातनं दोनदा? बिगर अर्जाचं?" त्यांनी एक काठी शोधली, वाळूत रोवली, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आणि घड्याळ बघत बसले. मुकादम मोठ्या उत्साहाने पाणी प्यायला, चार वेळा शिंकला आणि त्याने पाटकऱ्यांकडे असं बघितलं, की जणू पाण्याची तक्रार त्यांच्याकडेच करायची. "बघा की," पाटकरी म्हणाले, "एवढं पानी आन् एका वाफ्याचं भरनं हुत न्हाई."

या सगळ्यात दुपार कलली. गाडी तिथंच लावून, सामान घेऊन आम्ही किनाऱ्याकडच्या वाटेने चालत गावात शिरलो आणि इथंच घोळ झाला. वेस गावाच्या दुसऱ्या अंगाला होती, आणि गाव सकाळीच पळालेलं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

गल्लीत कुणी नाही. विहिरीवर कुणी नाही. अंगणं सारवलेली, तुळशीपुढे रांगोळ्या, आणि दारं नुसती ओढून घेतलेली. एकालाही कुलूप नाही. मी आल्या वाटेकडे परत वळायला लागलो. पाटकऱ्यांचा चेहरा मात्र माहेरी आल्यासारखा खुलला. "बघा पोष्ट! तुमी मला येड्यात काढत हुता. इथं बी कुलूप न्हाई!"

"पण माणसं कुठायत?"

"शेतात असत्याल. येत्याल सांजच्याला. मग निघायचं सगळ्यांनी." आणि ते एका घराच्या पडवीत जाऊन बसले. उघडं घर दिसलं की पडवीत बसायचं, येईल त्याची वाट बघायची, ही त्यांच्या गावाकडची रीत. अंगणात तीन दगडांची चूल होती. अर्धवट वाळलेल्या झावळ्या होत्या. आमच्याकडे चहापत्ती, साखर, दूध पावडर. मुकादमाची चहाची वेळ टळत होती. चूल पेटली, ओल्या झावळीचा पांढरा धूर माडांच्या वर गेला, आणि मुकादम पडवीत आडवा होऊन घोरायला लागला.

मग दूर, ओहोळाच्या पलीकडून, एकदम पन्नासशंभर माणसांचा गलका ऐकू आला.

आम्ही अंगणाच्या टोकाला गेलो. ओहोळापलीकडे माळावर झावळ्यांच्या झोपड्या, गुरं, रंगीबेरंगी साड्या, आणि सगळी माणसं आमच्या धुराकडे बघत उभी. रिकाम्या गावातून धूर निघालाय म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल, हे मला आत्ता कळतं.

"कोण आसा रे थंय?" एक जण ओरडला. आवाज कापत होता.

"आमी तिघं!" पाटकरी ओरडले.

पलीकडची माणसं आम्हाला बोटांनी मोजायला लागली. त्यांना तर आम्ही दोघंच दिसत होतो.

"तिसरो खंय?"

"मुकादम! निजलाय!"

पुढची रांग सरळ चार पावलं मागे सरकली. एका बाईने पोराला पदराखाली घेतलं. मी जीव तोडून ओरडलो, "कुत्रा! कुत्रा आहे! आम्ही नगरहून आलोय!" आणि आमच्या नशिबाने मुकादम गलक्याने जागा होऊन आळस देत पुढे आला आणि भुंकला. पलीकडच्या झाडून सगळ्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. मग कुणीतरी हसलं, आणि तो हशा झोपड्या-झोपड्यांतून पसरत गेला.

"तुमीच हंय येवा!" तो माणूस ओरडला. "आमका आत येवक जमना नाय!"

आम्ही चूल विझवली आणि सामान उचलून गुडघाभर पाण्यातून ओहोळ ओलांडला. पाटकऱ्यांनी पलीकडे जाताच टोपी काढली. "चूक झाली," ते म्हणाले. "आमी बिनदाराच्या गावचं. उघडं घर दिसलं की आमाला परकं वाटत न्हाई. काय दंड असंल तो सांगा."

जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, ठेंगणी, नऊवारीतली, हातात नारळाची करवंटी. फोनवर बोलली ती हीच. पाटकऱ्यांनी सवयीने विचारलं, "बाई, तुमचं काम काय?"

"मोजूचा," ती म्हणाली. तिच्या वाडीतला प्रत्येक जीव वेस ओलांडून बाहेर आला, की करवंटीत एक खडा. माणसाला एक, बैलाला एक, मांजराला एक. कोंबडीच्या पिल्लालाही एक, फक्त लहान. तिने खाली वाकून तीन खडे उचलले आणि आत टाकले. "उशिरान इले, पण इले." आणि जाणत्या माणसांकडे वळून बघितलंही नाही. विषय मिटला.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. मी पोस्टाचा माणूस, एकटा. माझ्या सुट्ट्या नेहमी कपडे धुण्यात गेल्या. इथं उघड्या माळावर पेज, भाजलेला बांगडा, दुपारी पत्ते, संध्याकाळी भजन. पाटकरी भरतीच्या वेळा काठीवर खोदून सगळ्यांना सांगत फिरायचे, आणि जन्मापासून समुद्र बघणारी ती माणसं मान डोलावून ऐकून घ्यायची. झोपडी लहान होती, म्हणून मुकादम माझ्या पायांवर झोपायचा. पहिल्या रात्री मी हललो नाही. दुसऱ्या रात्री तो उशिरा आला तर मी उठून त्याला शोधायला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटकरी म्हातारीपुढे जाऊन बसले. मुकादमाची पिशवी त्यांनी बरोबर घेतली होती. त्यांनी गोणपाट काढलं, थाळी काढली, कार्ड काढलं, एकेक वस्तू नीट मांडली. मुकादमाला वाटलं, जेवण आहे. तो शेपूट हलवत थाळीजवळ जाऊन बसला.

"बाई," ते म्हणाले, "मला पोराकडं जायाचंय, पुन्याला. तिथं ह्याला चालत न्हाई. ह्याला तुमच्या गावात ठेवा. लई गुनी हाय. चहा लागतो दोन टायमाला."

म्हातारीने थाळीकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. मग करवंटीत बोट घालून तिने एक खडा काढला आणि तळहातावर धरला.

"आमी देवाक भिवन पळतव," ती म्हणाली. "तरी कोंबडीचा पिल्लू विसरणव नाय. तुमी कोणाक भिवन पळतास?"

पाटकऱ्यांनी थाळी उचलून पुन्हा खाली ठेवली. भरतीचा आवाज येत होता. मुकादम जिभल्या चाटत वाट बघत होता.

"पोराला," ते शेवटी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग हळूहळू त्यांना हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट. "आयला, पोराला भिऊन! पोष्ट, ऐकलं का? सायबाला भ्यालो न्हाई, तीन बदल्या झाल्या तरी भ्यालो न्हाई, आन् ह्या आयटीला भ्यालो की वो मी!" हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि माझेही भरले, ते मी कशाला लपवू. म्हातारीने खडा परत करवंटीत टाकला, आणि मुकादमाला तेवढ्यात एक बिस्किट दिलं.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजला, आणि माणसं-गुरं गावात परतायला लागली. एकेक जीव आत गेला की म्हातारी एकेक खडा ओहोळात टाकत होती. शेवटी करवंटीत तीन उरले. ते तिने पाटकऱ्यांच्या हातावर ठेवले. "ह्ये तुमचे. घराक गेल्यार टाका."

केडगावला आल्यावर पाटकऱ्यांनी मुलाला फोन लावला. स्पीकरवर, अंगणात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "मी कायमचा येनार न्हाई. पन येनार. वर्सातनं चार बाऱ्या, तीन-तीन रात्री. चवथ्या दिशी परत. आन् आमी जेवढे हाय तेवढे येनार." पलीकडून आयटी काहीतरी बोलत होता. "अंगनवाडीला नंबर दिलाय तुझा. मी पडलो तर ती फोन करंल. चल, ठेवतो."

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला आवर्तन सुटलं नाही. मी मोरीत साबण लावून उभा. खालून हाक आली, "पोष्ट! आज पानी न्हाई! गाव पळतंय! आवरा!"

मी तसाच पडद्याबाहेर डोकं काढलं. "मला कशाला? तुम्ही तुमच्या मुलाकडे चाललाय."

"घर रिकामं व्हाया पायजे."

"मग व्हा की रिकामे. मी भाडेकरू आहे."

पाटकरी जिन्याखाली उभे होते, बगलेत गोणपाट. त्यांना माझं बोलणं खरंच कळलं नव्हतं. "तुमी काय घराच्या बाहेर ऱ्हाता का?" ते म्हणाले.

नगरमध्ये मला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत माझी मोजदाद कुणी कशात केली नव्हती. जनगणनेलासुद्धा मी घरी सापडलो नव्हतो. मी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पडदा ओढला आणि पिशवी भरली.

आता माझी बदली कोल्हारला झालीय. प्रवरेकाठी क्वार्टर आहे, तिला दोन दारं आहेत. तरी दर तीन महिन्यांनी फोन येतो, "गाव पळतंय," आणि मी केडगावला जाऊन मागची सीट झाडून ठेवतो. पण सांगायची आहे ती पहिली खेप.

पुण्यात लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या. त्यांच्याजवळ दोन कुत्री होती, दोन्हींना मोजे घातलेले. मुकादमाने मोज्यांकडे फार वेळ बघितलं. पाटकऱ्यांनी बाईंना विचारलं, "सोसायटीत चालतं का हो?" त्या म्हणाल्या, "न चालायला काय झालं?" पाटकरी माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवून राहिले.

मुलाने दार उघडलं. त्याचं मुकादमाकडे लक्ष गेलं आणि तो पटकन दाराआड झाला. अगदी मी जिन्यात भिंतीला चिकटायचो तसा. भीती कशी दिसते ते मला चांगलं ठाऊक आहे. बिचाऱ्याने सोसायटीला विचारलंच नव्हतं.

दाराआडूनच तो म्हणाला, "बाबा... किती जण आलाय तुम्ही?"

पाटकऱ्यांनी खिशातून म्हातारीचे अजून न टाकलेले खडे काढले आणि टेलपासून मोजायला सुरुवात केली. आधी मुकादम. मग मी. सगळ्यात शेवटी स्वतः. तिन्ही खडे त्यांनी मुलाच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "सध्या तीन. कोंबड्या फुडच्या खेपेला."